उरलेलं पाणी

शाळा सुटायच्या जरा आधी आमच्या शाळेत आता एक नवीनच आवाज होतो. बाटल्यांची झाकणं फिरण्याचा. एका वर्गातून सुरू होतो, मग शेजारच्या, मग सगळ्या व्हरांड्यातून, करकर करकर, रातकिडे बोलावेत तसा. मग पोरं ओळीनं बाहेर येतात आणि दिवसभर पिऊन उरलेलं पाणी आपापल्या वर्गाच्या झाडाला घालतात. कुणाचं घोटभर, कुणाचं पाव बाटली. एखाद्याची बाटली पार कोरडी असते, तो ती उलटी धरून झटकतो, निदान थेंब तरी पडावा. जूनच्या उन्हानं भाजलेली आळ्यातली माती तेवढ्यानं काळी पडते, तिचा वास सुटतो, आणि घंटा होते.

मी फाटकाजवळच्या दगडी ओट्यावर बसून हे बघत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. खोटं कशाला बोलू? हेवा वाटत होता. त्या पोरांचा, त्यांच्या रंगीत बाटल्यांचा, झाडांचासुद्धा. झाडांना कुणी मधूनच शाळा सोडायला लावत नाही.

या शाळेत मी आठवीपर्यंत होते. आठवी पण पुरती नाही. दिवाळीच्या सुट्टीत लासूर स्टेशनला आमच्या घरी गेले, ती शाळेत परत आलेच नाही. का आणि कसं, ते सांगत बसत नाही. त्याला आता इतकी वर्षं झाली की मलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. लग्न झालं, मालकांची वाळूजची नोकरी होती. कंपनीनं तिकडं उत्तराखंडात कारखाना काढला तशी त्यांना रुद्रपूरला पाठवलं, आणि मागोमाग मी गेले. हिमालयाच्या पायथ्याचं गाव. दोन रात्रींचा प्रवास. तिथं आपल्याकडची पुष्कळ पोरं कारखान्यात आहेत, त्यांना मी डबे करून देते. ज्वारीचं पीठ इथून जातं. घर चाललंय, नवरा समजूतदार आहे, देवाची कृपा आहे. कुणाला नावं ठेवावीत असं काही नाही. तरी मला आपली काळजीची सवय. गाडी वेळेवर असली तरी मी तासभर आधी स्टेशनावर जाऊन बसते.

आता आले होते ती वेदूसाठी. वेदिका, माझी मुलगी, सातवीत जाणार. तिकडच्या शाळा जुलैत उघडतात आणि इकडच्या जूनमधेच. माझी धाकटी बहीण मनीषा इथं शहरात असते. तिला दोन्ही मुलगेच. तिनं फोनवर टुमणं लावलं होतं, "ताई, पोरगी माझ्याकडं ठेव. तुझ्याच शाळेत घालू. तिकडं तिचं मराठी पार हिंदी झालंय. आणि मलाही कुणाची तरी वेणी घालू दे की!" मालक म्हणाले, "शाळेतलं तुला कळतं. तू बघ आणि तूच ठरव." आठवीतून उठलेल्या बाईला कुणी असं म्हणतं का? हे म्हणाले. मी ते ऐकून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे मोजत बसले.

शाळा मिशनची. आताच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, मुलीला आठवडाभर वर्गात बसू द्या, रमते का बघू, शनिवारी मला हो की नाही ते सांगा. म्हणजे शनिवारपर्यंत मला ठरवायचं होतं, पोरीला इथं ठेवून जायचं की सोबत घेऊन जायचं. खरं सांगते, मनातून मी वाट बघत होते, की तिलाच इथं नको वाटावं.

आमच्या वेळी या आवारात हे काहीच नव्हतं. मुरमाचं मैदान, पडलं की खडे गुडघ्यात रुतायचे. प्रार्थनामंदिराच्या कडेला एकच बुचाचं झाड, उंचच उंच. वर्गात पहिल्या तासाला फिनेलचा वास, दुपारी डब्यांचा. कुणाची लसणाची चटणी, कुणाची मेथी, शनिवारी कुणाच्या तरी डब्यात शिळ्या भाकरीचा कुस्करा. प्रार्थनामंदिराचं दार उघडलं की मेणबत्तीचा आणि लाकडाच्या पॉलिशचा गार वास बाहेर यायचा. आम्ही पोरी चपला काढून दारातच उभ्या राहायचो, आत जायचं धाडस नसायचं, पण तो वास नाकात भरून घ्यायचो आणि मग पळायचो. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, दोरीनं टांगलेला. तो वाजवायची पाळी आली की हाताला दिवसभर लोखंडाचा वास. तो हात मी जेवताना धुवायची नाही.

नाताळात व्हरांड्यात गोठा मांडायचे. आम्ही गवत आणायचो, मातीच्या मेंढ्या करायचो. माझ्या मेंढ्यांचे पाय मोडायचे म्हणून त्या कायम बसलेल्याच. सुवार्ता म्हणायची, "तुझ्या मेंढ्या आळशी आहेत."

सुवार्ता माझ्या बाकावरची. खिडकीकडून पहिली ती, दुसरी मी. तिच्या घरून नाताळाच्या करंज्या यायच्या, आमच्या घरून दिवाळीच्या जायच्या, आणि कुणाच्या जास्त खुसखुशीत यावरून आमचं दर वर्षी वाजायचं. आता ती याच शाळेत शिकवते. आणि नशीब बघा, सातवीची वर्गशिक्षिका तीच.

पहिल्या दिवशी वेदूला सोडायला गेले तेव्हा ती समोरून आली. सुती साडी, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात खडूची पेटी. मला बघून थांबली.

"अगं ए! तू? लई जाड झालीस गं."

"डब्यातलं उरलेलं मीच खाते ना."

"आवाज मात्र तोच. अजून ऐकायला येतो मला, पाढे म्हणताना. अख्खा वर्ग एका बाजूला आणि तू एका बाजूला." मग ती वेदूकडं वळली. "आणि ही आमची नवी पाहुणी. ये बाळा. तुझ्या आईनं माझी दौत सांडली होती, ते तिला आठवतं का विचार."

"बाई, झालं का सुरू," मी म्हटलं. हसले. पण तिच्या बोटांना लागलेला खडू माझ्या नजरेतून जाईना. पांढरीशुभ्र बोटं. माझ्या बोटांना पीठच असतं, तेही पांढरंच, पण ते कुणी बघत नाही. वेदू तिच्यामागून चालत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी मनीषाच्या दारात उभी राहून वाट बघितली. पोरगी आली ती खाली मान घालून. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मम्मी, मी ना आज पूरी बोतल डाल दी."

"कुठं डाल दी?"

"पेड़ को. सगळे बोलत होते की सातवीच्या झाडाला अपनी बोतल का पानी द्यायचं. तर मी प्रार्थना झाल्या-झाल्या गेले आणि पूरी डाल दी."

मनीषानं कपाळाला हात लावला. "अगं माझे माय! सकाळी सकाळी? भरलेली?"

वेदूला काय कळणार? आमच्याकडं रुद्रपुरात नळ सोडला की बंद करेपर्यंत येतो. अंगणातल्या हातपंपाला दोन-चार दांडे मारले की बदाबदा पाणी. पोरगी अंघोळीला बसली की मोरीतून पूर येतो. इथं नळ कधी येईल ते कॉलनीतल्या बायांच्या फोनवर कळतं, आणि आला की लग्नघर असल्यासारखी धावपळ. शाळेत टाकीचं पाणी हात धुण्यापुरतं. प्यायचं ज्याचं त्यानं घरून आणायचं आणि ते दिवसभर पुरवायचं. झाडाचा हक्क शेवटी, जे उरेल त्यावर. आणि या बाईनं सकाळीच झाडाला जेवायला घातलं.

"हसल्या असतील ना गं पोरी?" मी विचारलं.

"हो. बहुत हसल्या."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण आत कुठंतरी बरं वाटलं, की आता हिचं मन उडेल. मी तिला जवळ घेतलं. "जाऊ दे. आपण शनिवारी सांगून टाकू सिस्टरना, की नाही जमत."

"नहीं ना मम्मी, सुन तो. मग सानिया होती, तिनं तिच्या बोतलचं ढक्कन भरून माझ्या बोतलमधे टाकलं. मग दुसरीनं ढक्कन टाकलं. मग सबने. एक-एक ढक्कन. पूरी क्लासने!" तिनं डोळे मोठे केले. "पहले से ज़्यादा भर गयी."

मनीषा हसायला लागली. मी पण हसले. पण रात्रीची कणीक मळताना मी मागचं आठवत बसले. मी एवढी वर्षं त्या शाळेत होते. माझी चटणी लोकांनी खाल्ली, माझ्या आळशी मेंढ्या गोठ्यात बसल्या. पण अख्ख्या वर्गानं झाकण-झाकण गोळा करून माझं काही भरलं, असं मला आठवेना. आठवून आठवून बघितलं. नाही आठवलं. आणि हिला पहिल्याच दिवशी.

मग मी रोज जायला लागले. कधी डबा विसरला म्हणून, कधी रुमाल. डबा मीच मनीषाच्या स्वयंपाकघरात ठेवून द्यायची, म्हणजे तो विसरायचाच. फाटकावरचा काका पण ओळखून होता. "आज काय विसरलं, ताई?" "चमचा." "बरं बरं, बसा."

ओट्यावर बसून मी बघायची. मागच्या बाजूला पोरांनी पालापाचोळ्याचा खड्डा केलाय, त्यात डब्यातली साल-बिया, देवाची सुकलेली फुलं पण. चर्चमधली आणि शेजारच्या मंदिरातली फुलं एकाच खड्ड्यात. तो खड्डा उकरला की ऊन-ऊन गोडसर वास येतो, गुऱ्हाळासारखा. बुधवारी सातवीच्या पोरी व्हरांड्यात मांडी घालून जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करत होत्या, भाजीवाल्यांना द्यायला, म्हणजे ते प्लास्टिकच्या देणार नाहीत. खळीचा वास आला. पिठाची खळ. मला राहवलं नाही, मी उठून गेले आणि म्हटलं, "पोरींनो, खळ पातळ झालीय, अशानं चिकटणार नाही."

सुवार्ता लांबून ओरडली, "आली बघा पाहुणी! रोज येतेस, तुझीच ॲडमिशन करू का?"

"करतेस का? मी आठवीत बसेन."

"आठवीचा वर्ग आता वरच्या मजल्यावर आहे. जिने चढशील?"

पोरी खिदळल्या. वेदू मात्र हसली नाही. तिनं खाली बघून पिशवीची घडी दाबली. आईनं शाळेत येऊ नये असं वाटण्याचं ते वय. मला कळलं, आणि मी परत ओट्यावर येऊन बसले.

आमच्या वेळच्या मोठ्या सिस्टर होत्या केरळच्या. त्या सांगायच्या की त्यांच्या गावी घराच्या पायरीला पाणी लागतं आणि लहानपणी त्या होडीत बसून शाळेत जायच्या. आम्ही तोंडावर पदर नसलेल्या पोरी, तरी तोंड दाबून हसायचो. होडीतून शाळेत! काहीतरीच. एवढं पाणी सोडून कुणी इथं येतं का? त्यांची मराठी वेगळीच होती, प्रेमाची आणि उलटीपालटी. नळाखाली कुणी पाणी सांडलं की व्हरांड्याच्या टोकाकडून त्यांचा आवाज यायचा आणि पांढरे पायघोळ कपडे सळसळत यायचे. पाण्यातून आलेली बाई पाण्याला इतकी का जपते, ते तेव्हा कळायचं नाही. त्यांच्या अंगाला खोबरेल आणि इस्त्रीचा वास यायचा. माझ्या शेवटच्या दिवशी, म्हणजे मला माहीत नव्हतं तो शेवटचा आहे, बुचाच्या फुलांचा सडा पडला होता. लांब दांड्याची पांढरी फुलं. आम्ही त्यांच्या दांड्या एकात एक गुंफून, दोऱ्याशिवाय, माळ करायचो. कळी मिळाली की ओठांनी फुगवून दुसरीच्या कपाळावर फोडायची. फट्. सुवार्तानं माझ्या कपाळावर फोडली होती. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघते तुला.

शुक्रवारी मी वेदूला पडताळून पाहिलं.

"इथं ऊन फार आहे. तुझ्या नाकाचा घोळणा फुटतो."

"सानिया कांदा देते सुंघायला."

"मनीषामावशी आठवड्यातून तीनदा वांगी करते."

"खा लूँगी."

"मी नसणार बरं का. पप्पा पण नाही."

ती वेणीचं टोक तोंडात घेऊन चावत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, चल मम्मी, घरी जाऊ. पण ती म्हणाली, "तू बता. तुझ्या मनात काय आहे?"

आणि माझ्या मनात काय आहे ते मला तिला सांगता येईना. की पोरी, मला तुझी आठवण येईल हे तर आहेच, पण त्याहून जास्त, मला तुझा राग येतो. तू तिथं बसणार, जिथून मला उठवलं. सुवार्ता तुझ्या वहीवर लाल शाईनं बरोबरच्या खुणा करणार. तुझ्या वर्गाला झाड असणार. आणि मी तिकडं दुसऱ्यांच्या पोरांचे डबे भरणार. आपल्याच पोटच्या पोरीवर कुणी जळतं का? मी जळत होते.

शनिवारी शाळेत आणखी एक गोष्ट होते, तीही आमच्या वेळी नव्हती. आसपासच्या गल्ल्यांतल्या बाया येतात आणि सातवी-आठवीच्या पोरी त्यांना शिकवतात. कुणाला बसची पाटी वाचायला, कुणाला फोनवरचे निरोप. बाया बाकांवर बसतात आणि पोरी फळ्याशी. कुणी आजी असते, कुणी कडेवर लेकरू घेऊन येते. वर्गात पावडरचा, तंबाखूच्या मिश्रीचा आणि खडूचा वास एकत्र येतो.

सुवार्तानं मला हाताला धरून आत नेलं. "आज पाण्याचा विषय आहे. तू जिथं राहतेस तिथलं सांग."

"मी? काहीतरीच काय. मला नाही येत."

"पाढे म्हणत होतीस ना? तसंच सांग. मोठ्यानं."

मी फळ्यासमोर उभी राहिले. समोर बाया आणि पोरी. शेवटच्या रांगेत वेदू, मान खाली, आता आई काय बोलते या धास्तीनं. आणि दुसऱ्या रांगेत, खिडकीकडून दुसरा, माझा बाक. म्हणजे बाक नवीन आहे, पण जागा तीच.

मी सांगितलं. तिकडं डोंगर जवळ आहेत, त्यांचं पाणी जमिनीखालून येतं. हातपंपाला फार दमावं लागत नाही. भाताची शेतं वर्षाचे कितीतरी महिने पाण्यात उभी असतात, सकाळी त्यांच्यात आभाळ दिसतं. भिंतींना ओल येते म्हणून बाया कुरकुर करतात.

"नळ कधी येतो तिथं?" एका बाईनं विचारलं.

"रोजच."

"रोज?" पुढच्या बाकावरची सानिया उभीच राहिली. काळीसावळी, चुणचुणीत पोरगी. मावशीला खाला म्हणते. "रोज पानी आता क्या खाला? कित्ती देर?"

"जातच नाही," मी म्हटलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. होडीतून शाळेत जाणाऱ्या सिस्टरकडं आम्ही बघायचो तशा. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाई, माझा नंबर लाव तिकडं. मी हंडा घिऊन येते, दुसरं काय बी नको." आणि सगळ्या हसल्या. कुणी म्हणालं, लई नशिबाची आहेस बया. कुणी म्हणालं, अंघोळ रोज करता का मग? त्यांच्या डोळ्यांत मी स्वच्छ बघितलं, हेवा होता. माझा. माझ्या मोरीचा, माझ्या ओल आलेल्या भिंतींचा. मी आठवडाभर त्या ओट्यावर बसून जे करत होते, ते आता दहाबारा जणी मिळून माझ्याकडं बघून करत होत्या. आणि मला त्यांना सांगावंसं वाटलं, अगं बायांनो, नुसत्या पाण्यानं काही होत नाही.

पण सानिया अजून उभीच होती. "फिर वेदू कू इधर कायकू लाए, खाला? इधर तो पानीच नै."

सुवार्ता तिला बस म्हणणार होती, मी बघितलं. पण म्हणाली नाही. शेवटच्या रांगेत वेदूनं मान वर केली. ती माझ्याकडं बघत होती, काल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही अशी.

मी खिडकीकडं बोट केलं. "मी तिथं बसायची," मी म्हटलं. "दुसरी जागा. मला अजून बसायचं होतं. नाही बसता आलं."

खडू हातात होता, तो मोडला.

"आता ती बसंल," मी म्हटलं.

झालं. बोलून गेले. मोठ्या सिस्टरना मुद्दाम जाऊन सांगायची पण गरज उरली नाही. त्या दारातच उभ्या होत्या. वेदूच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघवलं नाही. मी फळा पुसायला लागले, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी.

सानियानं बाकावर सरकून जागा केली आणि हातानं थोपटली. "तुम बी बैठो ना, खाला. जगा है."

मी बसले. बाक लहान होता, गुडघे वर आले. सुवार्तानं पुढचा तास घेतला. कडुनिंबाच्या निंबोळ्या आणि चिंचोके मातीत कालवून गोळे कसे करायचे, आणि ते सुट्टीत गावाला जाताना कुठं टाकायचे. मी कान देऊन ऐकत होते. सुवार्तानं एकदा सवयीनं विचारलं, "समजलं का?" आणि बायांच्या, पोरींच्या आवाजात माझा आवाज सगळ्यांत मोठा गेला, "हो टीचर!" ती फळ्याकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, हसत होती की काय ते मी विचारलं नाही.

मंगळवारी मी निघाले. वेदू स्टेशनावर आली नाही. शाळा होती. मनीषानं शिदोरी दिली, ज्वारीचं पीठ दिलं, आणि गाडी हलली तेव्हा म्हणाली, "ताई, मी जपते गं तिला." मला ते ऐकून तिचाही हेवा वाटला. तिचे उपकार तर आहेतच, जन्मभर फिटायचे नाहीत. दोन्ही एकाच वेळी असतं, ते मला या खेपेला कळलं. मनमाडपर्यंत मी खिडकीच्या गजाला धरून बसले, मग पुढं सगळा अनोळखी मुलूख, आणि पहाटे कुठंतरी पाण्यानं भरलेली शेतं सुरू झाली.

आता रोज संध्याकाळी डब्यांच्या भाकरी थापताना फोन कानाशी आणि खांद्याशी धरते. मालक म्हणतात मान मोडेल. वेदू घाईत असते. मी विचारते, आज काय शिकवलं, कोण आलं नाही, झाडाला पालवी आली का, सुवार्ताटीचर काय म्हणाली, माझं नाव काढलं का. ती कंटाळते. "मम्मी, रोज तेच तेच लई विचारतेस." लई म्हणते आता. बहुत गेलं. मला ऐकून बरं वाटतं आणि लगेच दुखतंही, कारण तो शब्द तिनं माझ्याकडून घेतलेला नाही.

परवा फोन आला तो रडतच. मला वाटलं पडली, झडली, ताप आला. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी बाहेर आले.

"काय झालं गं? सांग की! मावशी कुठंय?"

"सानियाशी माझी कट्टी झाली." हुंदका. "कायमची. ती बोलली मी पिशव्या वाकड्या करते. मी बोलले तू करते. तर तिनं अंगठा दाखवला. सगळ्यांसमोर. मी तिच्याशी कधीच बोलणार नाही."

मी पायरीवर बसले. जीव भांड्यात पडला, आणि मग हळूहळू ते जुनं दुखणं वर आलं, नेहमीच्याच जागी. कट्टी. अंगठा दाखवून, सगळ्यांसमोर, कायमची. मला हसू येईना. दिवाळीनंतर बघते तुला, असं मी एका पोरीला म्हटलं होतं, आणि दिवाळीनंतरचा दिवस मला मिळालाच नव्हता. इथून तिथपर्यंत दोन रात्री आहेत. मी उठून जाऊन कुणाशी भांडू शकत नाही, कुणाशी बट्टी करू शकत नाही.

"रडू नको," मी म्हटलं. "उद्या शाळा आहे ना?"

"हो."

"आणि तू जाणार आहेस?"

"जाणारच ना, मम्मी. असं काय विचारतेस?"

"मग झालं तर," मी म्हटलं. आतून भाकरी करपल्याचा वास येत होता. "मग झालं तर, बाई."